कम्युनिटी पँट्री: सकाळी भरलेलं कपाट दुपारी रिकामं, काय करू?

पागोळी

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट मोठी होणारे हे आधीच सांगते, तीन महिने मनात साठलंय ते एकदाच लिहून टाकते.

आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी मिळून एक कपाट ठेवलंय. जुनं पुस्तकांचं कपाट होतं काचेच्या दाराचं, ते रंगवलं, वर पत्रा टाकला आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं की जास्तीचं असेल तर ठेवा, लागत असेल तर न्या. कुलूप नाही, नाव विचारत नाही, काही नाही. पहिला महिना इतका छान गेला की काय सांगू. लोक तांदूळ, कडधान्यं, बिस्किटांचे पुडे, साबण असं आणून ठेवायचे, कोणी प्रवासाला निघालं की घरातली फळं आणि न फोडलेलं दूध ठेवून जायचं, आणि नेणारेही बेतानं न्यायचे.

दुसऱ्या महिन्यापासून एक बाई यायला लागल्या. रोज साडेअकराच्या सुमारास, दोन कापडी पिशव्या घेऊन, आणि असेल ते सगळं भरून नेतात. सगळं म्हणजे सगळं, मिठाचा पुडासुद्धा ठेवत नाहीत. कोणाशी बोलत नाहीत, खाली मान घालून येतात आणि जातात. आता शेजारी कुरकुरायला लागलेत, एकानं तर ग्रुपवर लिहिलं की आपण एका घराचं रेशन भरतोय का. दुसऱ्यांचं म्हणणं की वही ठेवा, नाव-पत्ता लिहायला लावा, तिसरे म्हणतात कॅमेरा बसवा.

त्यात गेल्या आठवड्यात कोणीतरी रात्री भाताचा डबा ठेवून गेलं. सकाळी दार उघडलं तर आंबलेला वास, आणि शेजारचा लहान मुलगा तो डबा उघडून बघत होता. मी धावत जाऊन हातातून काढून घेतला, तो बिचारा घाबरून रडायला लागला. दिवसभर माझा हात थरथरत होता हो, त्यानं एक घास तोंडात घातला असता तर काय झालं असतं.

आणि हल्ली येणारं सामानही बघवत नाही. दोन वर्षांपूर्वीची तारीख उलटलेले सॉस, अर्धवट फोडलेली पाकिटं, किडे पडलेलं पीठ.

तर प्रश्न असा की नियम लावू का, वही ठेवू का, की बंदच करून टाकू? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा वापरलंय त्यांनी प्लीज खरंखरं सांगा.

---

शिंपला

ताई, आधी भाताचं बोलतो कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. मी बरीच वर्षं मोठ्या किचनमध्ये काम करतोय, रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक असतो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

शिजवलेलं अन्न साध्या कपाटात ठेवायचंच नाही. कोणी कितीही प्रेमानं आणून दिलं तरी नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंची चांदी. रात्री ठेवलेला डबा सकाळपर्यंत किती तास झाला तुम्हीच मोजा. भाताचं तर आणखी वाईट, त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करूनही जात नाही. लोकांना वाटतं उकळलं की झालं, तसं नसतं. वास येत नसेल तरी धोका असू शकतो हेही लक्षात घ्या, तुमच्याकडे निदान वास आला म्हणून कळलं.

शिजवलेलं वाटायचंच असेल तर फ्रिज हवा, ५ अंशांच्या खाली राहणारा, आत थर्मामीटर लावलेला, डब्यावर काय आहे आणि कधी केलं ते लिहिलेलं, आणि रोज कोणीतरी उघडून बघणारं. हे जमणार नसेल तर शिजवलेलं उरलेलं थेट माणसाच्या हातात द्या, गरम असताना. कपाटात नको.

घरी बाटल्यांत भरून टिकवलेल्या भाज्याही घेऊ नका, हवाबंद आणि कमी आंबट पदार्थात बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फुगलेला डबा किंवा जोडावर पोचा आलेला डबा सरळ फेका. तान्ह्या बाळाच्या दूध पावडरची तारीख एक दिवसही उलटलेली नको, आणि डबा फोडलेला असेल तर तोही नको.

बाकी तारखांचं मात्र लोक उगाच घाबरतात. दोन प्रकारच्या तारखा असतात. एक 'या तारखेपर्यंत उत्तम', म्हणजे चव, कुरकुरीतपणा, रंग यांची हमी तोवर. ती उलटली म्हणजे विष झालं असं नाही, कोरडं कडधान्य, पांढरा तांदूळ, मीठ, साखर नीट ठेवलं तर पुढेही चांगलं राहतं, फार तर जुनं कडधान्य शिजायला वेळ घेईल. दुसरी 'या तारखेच्या आत वापरा', ती मांस, मासे, ताजं दूध असल्या पटकन नासणाऱ्या वस्तूंवर असते आणि ती सुरक्षिततेची तारीख आहे, तिथे तडजोड नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला हे दोन ओळींत लिहून लावा.

आणि हो, काचेचं दार म्हणालात. ऊन थेट येतं का? येत असेल तर तेल खवट होणार, आतून कागद किंवा पडदा लावा.

---

गवतफूल

मी इथे कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

मी अशा कपाटातून घेतलेलं आहे. साधारण आठ महिने. घरातला कमावता माणूस आजारी पडला, साठवलेलं होतं ते दवाखान्यात गेलं, आणि घरात दोन मुलं. पहिल्यांदा गेले ती रात्री, मोबाईलची बॅटरी लावून, कारण ते कपाट रस्त्याच्या दिव्याखाली होतं आणि समोर चार खिडक्या. मी तीन वेळा पुढे जाऊन मागे आले. चौथ्यांदा दार उघडलं आणि फक्त मिठाचा पुडा उचलून आणला. घरात मीठ होतं. पण हात दुसरीकडे जाईचना.

त्यामुळे त्या बाईंबद्दल वाचलं की खाली मान घालून येतात, तेव्हा मला पोटात तुटलं. तुम्ही म्हणता सगळं नेतात. नेत असतील. घरात किती तोंडं आहेत, किती दिवसांची भूक पाठीशी आहे, उद्या कपाटात काही असेल की नाही याची त्यांना खात्री आहे का, हे आपल्याला ठाऊक नाही. मला स्वतःला पाचव्या-सहाव्या वेळेला भीती वाटायला लागली होती की हे बंद होईल, लोक कंटाळतील, आणि त्या भीतीपायी मी गरजेपेक्षा दोन पुडे जास्त उचलले होते. मोह वगैरे काही नव्हता त्यात, उद्याचा भरवसा नव्हता इतकंच. रोज ठरल्या वेळेला भरलेलं दिसायला लागलं तेव्हा माझा हात आपोआप आवरला.

वही ठेवाल तर सांगते काय होईल. ज्यांना फारशी गरज नाही ते बिनधास्त नाव लिहून नेतील. ज्यांना खरी गरज आहे ते यायचे बंद होतील. मी तर नक्कीच गेले नसते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया त्याच रस्त्यानं जायच्या.

अजून एक, जे देणाऱ्यांना कधीच कळत नाही. रबरबँड लावलेलं अर्धं पाकीट हातात आलं की माणूस आतून ओशाळतो. त्यात किडे नसतील, ते स्वच्छही असेल, पण ते कोणाच्या तरी घरात नकोसं झालेलं आहे हे त्याला हात लावताच कळतं. एकदा मात्र कोणीतरी किलोभर तांदूळ नवीन पिशवीत भरून वर चिठ्ठी लावली होती, 'नवा तांदूळ आहे, पाणी थोडं कमी घाला'. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीये. कोणीतरी माझ्या जेवणाचा विचार करून लिहिलं होतं ते.

बंद करू नका. एवढंच सांगायचं होतं.

---

खारीचा_वाटा

गवतफूल, तुमचं वाचून दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो होतो. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

पागोळी ताई, तुमचा प्रश्न जगभर सगळीकडे आलेला आहे म्हणून थोडं सांगतो, मला या विषयाचं वेड आहे. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक सुरू केली, त्यामागे एक बाई होत्या ज्या दुकानांमागच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न शोधायच्या, आणि त्यांनीच म्हणे सुचवलं की बँकेसारखी जागा हवी, जिथे अन्न जमा करता येईल आणि काढता येईल. म्हणजे कल्पना घेणाऱ्या माणसाकडून आलेली होती, देणाऱ्याकडून नाही. पण फूड बँकेत ऑफिस आलं, फॉर्म आले, वेळा आल्या. म्हणून पुढे उघडी कपाटं निघाली. अमेरिकेतल्याच आर्कान्सा राज्यात जेसिका मॅक्लार्ड यांनी २०१६ मध्ये खांबावरची छोटी पेटी लावली, रस्त्याकडेच्या पुस्तकांच्या पेट्यांवरून ती कल्पना सुचली होती. स्पेनमध्ये गाल्दाकाओला २०१५ मध्ये रस्त्यावर फ्रिज ठेवला. जर्मनीत फूडशेअरिंगवाल्यांची, म्हणजे उरलेलं अन्न वाचवून वाटणाऱ्यांची, वाटपाची ठिकाणं आहेत, त्यांच्या नियमात कच्चा खिमा, कच्चे मासे असलं काही ठेवायचं नाही असं स्पष्ट आहे, शिंपलांनी सांगितलं तेच.

आणि फिलिपिन्स. एप्रिल २०२१, कडक लॉकडाऊन, लोकांची कामं गेलेली. केझोन सिटीतल्या मागिनहावा रस्त्यावर अना पॅट्रिशिया नॉन या तरुणीनं बांबूच्या हातगाडीवर थोडं सामान ठेवलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. काही दिवसांत देशभर शेकडो ठिकाणी तसंच सुरू झालं. रांगा लागल्या, शेतकऱ्यांनी भाजी आणून दिली. मग संशय घेणारेही आले, तिच्यावर राजकीय शिक्का मारला गेला, सुरक्षिततेच्या भीतीनं तिला थोडा वेळ ते थांबवावंही लागलं, पण पुन्हा सुरू झालं.

आता तुमच्या कॅमेऱ्याबद्दल. त्याच दिवसांत पासिग शहरातल्या एका पँट्रीवरचं सगळं सामान काही बायका घेऊन गेल्या त्याचा व्हिडिओ पसरला. देशभरातल्या अनोळखी लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. विचार करा, तुमच्या कॅमेऱ्यातली क्लिप ग्रुपवर गेली, तिथून पुढे गेली, आणि त्या साडेअकराच्या बाईंना रस्त्यात कोणी ओळखलं. कॅमेरा लावायचा नाही म्हणजे नाही.

पण मी एक गोष्ट तुमच्या शेजाऱ्यांच्या बाजूनंही बोलणार. सगळ्यांना काहीतरी मिळावं ही त्यांची इच्छा चूक नाही. संध्याकाळी कामावरून थेट येणारा माणूस रोज रिकामं कपाट बघत असेल तर तोही उपाशीच परत जातोय ना. त्याचा विचार करायलाच हवा, फक्त बाईंना आरोपी न करता.

---

पागोळी

गवतफूल ताई, मी रडले हो वाचून. वहीचा विचार आत्ताच डोक्यातून काढला, ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं. कॅमेराही नाही.

शिंपला दादा, ऊन येतं, दुपारी एक ते चार थेट. तेलाच्या दोन बाटल्या आत होत्या, उघडून वास घेतला, खवटच. काढल्या. भाताच्या डब्याचं मला इतकं माहीत नव्हतं, मला वाटायचं वास आला नाही म्हणजे बरं आहे.

पण संध्याकाळच्या माणसाचं काय करू ते अजून कळत नाहीये. आणि किडक्या पिठाचं.

---

कोनाडा

मी थोडं वेगळं आणि कदाचित कडू बोलणार आहे. मी असंच कपाट दोन वर्षं चालवलं आणि बंद केलं. जास्त नेणाऱ्यांमुळे बंद पडलं असं काही नाही. मी एकटाच त्याच्याकडे बघणारा होतो म्हणून बंद पडलं. सुरुवातीला सगळे होते, मग सगळ्यांना वाटायला लागलं की तो बघतोय ना. मी आजारी पडलो, दहा दिवस कोणी दार उघडलं नाही, उघडलं तेव्हा पिठाला जाळी, मुंग्यांची रांग, खालच्या फळीत उंदीर. त्या दिवशी मी ते उचलून आत घेतलं आणि नंतर बाहेर काढायची हिंमत झाली नाही. आजही तिथून जाताना खांबाशेजारची रिकामी जागा दिसते आणि वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, नियम लावायचेच तर घेणाऱ्यांना लावू नका, देणाऱ्यांना लावा.

तुम्ही दारावर लिहिलंय 'जास्तीचं असेल तर ठेवा'. लोकांनी ते 'नको असलेलं ठेवा' असं वाचलं. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जास्तीचं म्हणजे मी दोन किलो आणलं, मला दीड पुरतं, अर्धा किलो चांगलं असतानाच देतो. नको असलेलं म्हणजे वर्षभर फळीवर पडून होतं, फेकायला जीव होईना, म्हणून कपाटात नेऊन टाकलं आणि मनाला बरं वाटलं. ते फेकणंच आहे, फक्त दुसऱ्याच्या हातून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं असा अंदाज दिलाय, आणि त्यातलं साधारण ६० टक्के आपल्यासारख्या घरांमधून. हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेलं. म्हणजे जास्तीचं अन्न आहे, घराघरात आहे, ते फक्त चांगलं असतानाच्या दिवसांत बाहेर येत नाही. तारीख उलटल्यावर येतं.

दारावरची पाटी बदला. आम्ही शेवटी शेवटी लिहिलं होतं, 'जे तुम्ही आज स्वतः जेवाल तेच ठेवा'. फरक पडला होता खरंच, पण तोवर उशीर झालेला.

संध्याकाळच्या माणसासाठी: एकदम भरू नका. सकाळी सगळं मांडता म्हणून साडेअकराला सगळं जातं. आलेलं सामान एका घरात ठेवा आणि दिवसातून तीनदा थोडं थोडं मांडा, सकाळी, दुपारी आणि रात्री आठनंतर. कोणाला काही विचारावं लागत नाही, कोणाला काही सांगावं लागत नाही. मोठी पाकिटं न ठेवता अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, नव्या पिशव्या, सील करून, वर काय आहे आणि कधी भरलं ते लिहून. मूळ पाकिटावर शेंगदाणे, गहू, दूध असं काही असल्याचं लिहिलेलं असेल तर ते कापून आत टाका, एखाद्याला त्याची अ‍ॅलर्जी असते. चुलीची किंवा गॅसची सोय नसलेली माणसंही येतात, त्यांच्यासाठी न शिजवता खाता येईल असं काही रोज ठेवा, फळं, बिस्किटं, कोरडा खाऊ. आणि साबण, सॅनिटरी पॅड, लहान बाळांचे लंगोट, हे कधीच पुरत नाही आणि मागायला सगळ्यात अवघड असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सात दिवसांना सात माणसं. त्या दिवशीचा माणूस फक्त दहा मिनिटं देणार: फळ्या पुसायच्या, वास घ्यायचा, तारखा बघायच्या, नासकं काढायचं. चार घरं असाल तर अजून तीन शोधा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. माझं ऐका.

---

खारीचा_वाटा

कोनाडा, दहा मिनिटांवर बेतलंय हे फार बरं केलंत. मी ज्या ज्या बंद पडलेल्या कपाटांबद्दल ऐकलंय तिथे एक थकलेला माणूस असतोच.

ताई, त्या सात जणांत घेणाऱ्यांपैकी कोणी असेल तर उत्तम, पण बोलावणं असं करा की देणारा कोण आणि घेणारा कोण ते कळू नये. नुसतं 'आठवड्यातून एकदा दहा मिनिटं कोण देईल' एवढंच लिहून लावा.

---

पागोळी

बरोबर तीन आठवड्यांनी लिहितेय, तुम्ही सगळे इतकं मनापासून बोललात म्हणून काय झालं ते सांगायलाच हवं.

पाटी बदलली. ग्रुपवर दोन जण रागावले, एकांनी लिहिलं की गरजू माणसाला एवढे नखरे कशाला, मी त्यांना शांतपणे भाताच्या डब्याची गोष्ट सांगितली, आणि तो मुलगा त्यांच्याच नात्यातला निघाला. नंतर काही बोलले नाहीत, पण चार दिवसांनी कडधान्याची न फोडलेली पाकिटं आणून दिली.

काचेला आतून जाड कापड लावलंय. त्यामुळे बाहेरून आत काय आहे ते दिसत नाही आणि घेणारा काय घेतोय तेही दिसत नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. कपाट रस्त्याकडून वळवून भिंतीच्या कडेला नेलं, समोर आता एकच खिडकी आहे आणि ती माझी, मी तिथला दिवा बंद ठेवते.

तीनदा भरतोय. पहिले चार-पाच दिवस बाई तीनही वेळा आल्या. मी काही बोलले नाही. नंतर सकाळच्याच यायला लागल्या, मग एक दिवसाआड. गेल्या सोमवारी मिठाचा पुडा तसाच ठेवून गेल्या. का, कशासाठी, त्यांच्या घरात कोण आहे, मला आजही माहीत नाही, आणि मी विचारणारही नाहीये. रात्री आठनंतरचं सामान सकाळपर्यंत बहुतेक संपलेलं असतं, कोण नेतं ते माहीत नाही.

सहा माणसं झालीत, रविवार रिकामा आहे, तूर्त मीच करतेय. कोनाडा दादा, तुमचं ऐकून सातवं माणूस शोधतेय, स्वतःवर घेऊन बसणार नाही.

एक राहिलं. पीठ घ्यायचं की नाही? लोक देतात, पण दोन वेळा जाळी लागलेलं निघालं.

---

शिंपला

न फोडलेलं असेल तर घ्या, पण आल्या आल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, कपाटात पाकीट तसंच ठेवू नका, किडे पातळ प्लास्टिक आणि कागद पोखरून जातात. एका पाकिटात लागलं की शेजारची सगळी जातात. घरात फ्रीझर असेल तर चार दिवस त्यात ठेवून मग बाहेर काढा, अंडी असली तरी मरतात, फक्त बाहेर काढल्यावर पाकीट पूर्ण कोमट होईपर्यंत फोडू नका नाहीतर आत पाणी सुटतं. एका वेळी दोन-तीन पिशव्यांहून जास्त मांडू नका. मुंग्यांसाठी कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाणी दर दोन दिवसांनी बदला, डास होतील नाहीतर.

---

गवतफूल

पागोळी ताई, रविवार मी घेतला असता, पण मी तुमच्या गावात नाही. माझ्या इथे एक कपाट आहे अजून. उद्या जाऊन विचारते त्यांना कुठला वार रिकामा आहे.